टाकीतलं पाऊल

१

चोरी झाली तेव्हा आम्ही सगळे आग विझवायला शिकत होतो.

आग नव्हती. आग नसताना ती विझवणं सोपं जातं, असं शिकवायला आलेल्या माणसाचं म्हणणं होतं. पण त्याने आणलेल्या नळकांड्याची पिन निघेना. आधी त्याने ओढली, मग मालकांनी ओढली, मग मालकांचे जावई पक्कड घेऊन आले. मधल्या वेळात "आग लागली की पहिलं काय?" असं विचारून त्या माणसाने मेन स्विच बंद करून दाखवला, आणि मालक ओरडेपर्यंत परत चालू करायला विसरला. आम्ही अंगणात रांगेत उभे होतो. दुपार अशीच गेली. शेवटी पिन निघाली आणि सगळा फेस जावयांच्या बुटांवर पडला. बुटांना काही झालं नाही. आग लागली असती तरी काही झालं नसतं.

मग अण्णांनी टाकीच्या खोलीचं कुलूप उघडलं, आत गेले आणि लगेच बाहेर आले. ते दाराशी उभे राहून आमच्याकडे बघत होते, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो.

"पाऊल नाही," ते म्हणाले.

मालक म्हणाले, "कुठे जाणार? नीट बघा."

अण्णा म्हणाले, "टाकी आहे. पाणी आहे. तार कापलीय. पाऊल नाही."

मी रांगेतून बाहेर आलो आणि हातातला पॉलिशचा फडका घडी करून खिशात ठेवला. एवढंच सुचलं. कारण ते पाऊल माझ्या ताईचं होतं.

२

आमच्या कारखान्यात धातूवर धातू चढवतात. नळावर निकेल, बक्षिसाच्या ढालीवर चांदी, कपावर जे परवडेल ते. अण्णा टाक्या बघतात. मी टाकीतून निघालेला माल घासतो, म्हणून मला सगळे पॉलिश म्हणतात. जावई इंजिनिअर आहेत आणि कारखाना सुधारायला आलेत. अजून तो सुधारलेला नाही, पण ते रोज येतात.

पाऊल माझ्या भाच्याचं. तो जन्मला आणि नाव ठरायच्या आत गेला. इस्पितळातल्या एका नर्सने त्याच्या पावलाचा ठसा घेऊन ठेवला होता. त्या साच्यात मेण ओतलं, साचा तेव्हाच फुटला. मेणाच्या पावलाला काळं ग्रॅफाइट फासून अण्णांनीच त्यावर टाकीत चांदी चढवली आणि मग मेण वितळवून काढून टाकलं. उरलं ते आतून पोकळ, दुधावरच्या सायीइतकं पातळ. ते ताईच्या तळहातावर बसायचं आणि तिथेच असायचं. हात लागून लागून अंगठ्याजवळ इतकं झिजलं होतं की आरपार उजेड दिसायला लागला. मग मीच म्हटलं, आण आमच्याकडे, अण्णा वरून अजून एक थर देतील.

तिला फोन केला.

"ताई, बसली आहेस का?"

"लॅबमध्ये कोण बसतं? बोल."

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. लोक बाटलीत पाणी आणतात आणि ती त्यांना त्यात काय काय आहे ते सांगते. बहुतेक सगळं असतं. मी सांगितलं. पलीकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"कुणी कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "टाकीतलं पाणी ओतू नका. मशीन आहे तशी राहू दे. मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"मला काय माहीत? पण घरी बसून तेच करत बसू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा मालक फाटकातच होते. "पोलिस नकोत," ते म्हणाले. "पोलिस आले की आधी सांडपाणी बघतात. बाई, तुमचं दुःख मला कळतं. चांदी किती असेल ती भरून देतो. पण चोर घरातलाच आहे. खोलीला कुलूप, किल्ली अण्णांच्या कमरेला. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर अण्णांनी उद्यापासून येऊ नये."

"मला चांदी नकोय," ताई म्हणाली. "मला ते परत हवंय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी भाषांतर करणार होतो.

३

टाकीच्या खोलीत एकच खिडकी आहे आणि तिला गज आहेत. चांदीची टाकी कोपऱ्यात. अण्णा तिच्याशेजारी उभे होते, दोन्ही हात मागे बांधून, एखाद्या चुकार विद्यार्थ्यासारखे.

"सांगा अण्णा. मला काहीच येत नाही असं समजून सांगा."

"असं कसं समजू? तुम्ही शिकलेल्या."

"मग शिकलेल्यांना समजावून सांगतात तसं सांगा. हळूहळू."

अण्णांना किंचित हसू आलं आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी टाकीवरच्या तीन दांड्या दाखवल्या. मधल्या दांडीला माल टांगायचा. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना चांदीचे पत्रे. मशीनमधून दोन जाड वायरी येतात, एक मालाच्या दांडीला, एक पत्र्यांच्या. करंट सुरू झाला की पत्रे झिजतात आणि माल भरतो.

"कुठली वायर कुठे, हे कधी चुकत नाही?"

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर रंगाने लिहिलं होतं: लाल तिथे माल.

"मी यायच्या आधीपासून आहे," ते म्हणाले. "लाल वायर मालाला. काळी पत्र्यांना. नवीन माणूस आला की पहिलं हेच शिकवायचं. काल पण लाल मालालाच होती. आत्ताही आहे, बघा."

होती. लाल वायर मशीनच्या मागून निघून मधल्या दांडीलाच गेली होती.

"पाऊल तांब्याच्या तारेने टांगलं. टाचेला. करंट अगदी बारीक ठेवला, मंद आचेवर ठेवतात तसा, म्हणजे दुपारभर राहिलं तरी बिघडायचं नाही. मग हात धुवायला गेलो. तुमचे मिस्टर आले होते, त्यांना म्हटलं बसा. आलो तर ते निघाले होते. तेवढ्यात मालकांनी आगीसाठी हाक मारली, मी कुलूप घातलं."

"उघडलंत तेव्हा मशीन चालू होती?"

"चालू. घुं घुं करत होती. पण काटा शून्यावर. टाकीतून करंटच जात नव्हता."

ताई टाकीवर वाकली. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. तळाशी काही नव्हतं. तिने हात पुढे केला आणि अण्णांनी तिचं मनगट धरलं.

"नको. जहर आहे त्यात."

तिने हात मागे घेतला नाही. थोडा वेळ तसाच राहिला, पाण्यावर. मग अण्णांनीच तो मागे आणला, टाकीतून माल काढतात तितक्या जपून.

"बाई, मी चोरलं नाही हो," ते म्हणाले. "मीच केलं होतं ते. मी कसं चोरेन?"

"मला माहीत आहे."

"कसं?"

"माहीत नाही," ताई म्हणाली, "पण तुम्ही सोडून कुणी असलं तर बरं होईल."

४

जावई ऑफिसात बूट पुसत बसले होते.

"हे बघा मॅडम, मी सरळ बोलतो. अण्णांचं वय झालंय. भिंतीवर म्हणी लिहून कारखाना चालतो का?"

"तुम्ही कधी गेला होतात आत?"

"चोरी कळल्यावर. मी शास्त्रीय पद्धतीने बघितलं. मशीनच्या मागे जाऊन जोडणी तपासली. एकदम करेक्ट. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. जगात कुठेही जा, असंच असतं."

ताईने मान वर केली. "लाल प्लसला होती? नक्की?"

"मॅडम, मी इंजिनिअर आहे. लाल मला ओळखता येतो."

"आणि मशीन बिघडू शकते? उलटा करंट वगैरे?"

जावई हसले. हा प्रश्न त्यांना मनापासून आवडला होता. "भिंतीतला करंट जातो-येतो, जातो-येतो. ही मशीन म्हणजे रेक्टिफायर, तो त्याला एकाच दिशेने हाकलतो. त्याला तेवढंच एक काम आहे. उलटा गेला तर मग तो रेक्टिफायर कसला?"

"म्हणजे चोरीच."

"उघड आहे. तार कापलेली, काटा शून्यावर. पाऊल काढून नेलं म्हणून सर्किट तुटलं." ते पुढे झुकले. "आणि तसं बघितलं तर, या पॉलिशलाही आत जाता येतं."

"मी काल माझ्याच भाच्याचं पाऊल चोरलं," मी म्हटलं, "आणि मग माझ्याच बहिणीला फोन करून सांगितलं. शास्त्रीय पद्धत."

"गप्प बस," ताई म्हणाली. ऑफिसातून बाहेर पडल्यावर मात्र तिने माझी बाही पकडली. तिची बोटं थंड होती.

"एक माणूस राहिला," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझे भाऊजी."

५

भाऊजी वायरमन आहेत. लोकांच्या घरातले दिवे लावतात आणि स्वतःच्या घरात सध्या अंधारात बसतात. तासाभरात ते आले, खांद्याला पिशवी, खिशातून टेपचं रीळ डोकावतंय. ते ताईसमोर पिंपावर बसले. नवरा-बायकोत चौकशी चाललीय आणि मी मधे उभा. मी फडका काढला आणि एक नळ घासायला घेतला. नळ आधीच चमकत होता.

"तू काल इथे आला होतास. मला नाही सांगितलंस."

"जवळच काम होतं. म्हटलं बघून यावं."

"तूच म्हणाला होतास ना, ते पाऊल घरात नसतं तर बरं झालं असतं?"

माझ्या हातातला नळ थांबला.

"म्हणालो होतो," भाऊजी म्हणाले. "तू जेवत नव्हतीस. ते हातात असलं की तुला दुसरा हात असल्याचं आठवायचंच नाही. म्हणून म्हणालो. म्हणायला नको होतं."

"काल काय केलंस?"

"बसलो. बघितलं. पाण्यात लटकत होतं. मशीन चालू होती. मग निघालो."

"हात लावलास?"

"पावलाला? नाही. माझे हात असे. फाटलं असतं ते."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. पाणी बघते तशी, बाटली उजेडात धरून.

"तुला काय वाटतं, कोण घेऊन गेलं असेल ते?" भाऊजींनी विचारलं. "मी गावभर फिरतो. भंगारवाल्यांकडे विचारून आलो. एक म्हणाला, चांदीचं काही आलं तर कळवतो. सगळ्यांना तुझा फोन देऊन ठेवलाय. परत मिळेल गं. चोराला तरी त्याचं काय?"

भाऊजी पाणी प्यायला बाहेर गेले. मग ती मला म्हणाली, "याने नाही चोरलं."

"कशावरून?"

"भंगारवाल्यांना माझा फोन देऊन ठेवलाय," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली. फार नाही. घाईत असल्यासारखी.

६

मग तिने कापलेली तार मागितली.

तार अजून मधल्या दांडीलाच अडकलेली होती. तिने ती उजेडात धरली. "पक्कड घे. दुसरी एखादी तार काप."

मी कापली.

"बघ. पकडीने कापलं की टोक दबतं, चपटं होतं. आणि हे?"

अण्णांच्या तारेचं टोक पेन्सिलसारखं निमुळतं होत गेलं होतं, इतकं की शेवटी कुठे संपलं ते दिसत नव्हतं. आणि ते बरोबर पाण्याच्या पातळीवर संपलं होतं.

"ही कुणी कापली नाही," ताई म्हणाली. "ही विरघळलीय. पाण्यात होती तेवढीच गेली. म्हणून काटा शून्यावर आला. पाण्याला लागायला काही उरलंच नाही."

"तांबं पाण्यात कसं विरघळेल?"

तिने खडू घेतला आणि जमिनीवर टाकी काढली. "करंट एका बाजूने धातूतून इलेक्ट्रॉन ओढून काढतो आणि दुसऱ्या बाजूला ढकलतो. जिथून काढतो ते धनाग्र, प्लस. तिथे चांदीचा अणू इलेक्ट्रॉन गमावतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. जिथे ढकलतो ते ऋणाग्र, मायनस. तिथे पाण्यातला आयन येतो, इलेक्ट्रॉन उचलतो आणि परत चांदी होऊन चिकटतो."

"म्हणजे प्लसवाले कपडे काढून विहिरीत उड्या मारतात आणि मायनसवाले पलीकडून कपडे घालून बाहेर येतात."

"तसंच. आणि जितके उतरतात तितकेच पलीकडे चढतात. म्हणून माल नेहमी मायनसला लावायचा. पत्रा प्लसला. पत्रा झिजतो, माल भरतो."

"आणि माल प्लसला लावला तर?"

तिने चांदीचा एक पत्रा उचलून वर काढला. चांदी देणाऱ्या पत्र्याचं तोंड काळपट पडतं, हे मलाही माहीत आहे, मी ते रोज बघतो. याचं तोंड पांढरंशुभ्र होतं. नुकतंच काहीतरी येऊन बसल्यासारखं. दुसऱ्या पत्र्याचंही तसंच.

"हे देत नव्हते," ताई म्हणाली. "घेत होते."

मी पत्र्याकडे बघत राहिलो. पाऊल चोरीला गेलं नव्हतं. ते खोलीतच होतं, कणभरही कमी नाही, आणि त्यातली कुठली चांदी त्याची आणि कुठली कारखान्याची हे आता कुणाच्या बापाला सांगता येणार नव्हतं.

"आधी बोटं गेली असतील," ती म्हणाली. "ती पत्र्याच्या जवळ होती. टाच शेवटी. तिला तार होती."

"ताई, नको."

"मग तार."

मी म्हटलं, "पण लाल वायर मालालाच आहे. आणि जावई म्हणतात मागची जोडणीही बरोबर."

"दोघेही खरं बोलतायत. अण्णा समोरून बघतात. लाल मालाला, ठीक. जावई मागून बघतात. लाल प्लसला, ठीक. दोन्ही एकत्र कर."

मी केलं. लाल प्लसला, आणि लालच मालाला. म्हणजे माल प्लसला.

"या खोलीत लाल मायनसला असायला हवी," ती म्हणाली. "जगाच्या उलट. ते फक्त इथल्या माणसांना माहीत. कुणीतरी बाहेरच्या माणसाने मागे बघितलं, त्याला लाल वायर मायनसला दिसली. त्याला वाटलं, चुकलंय. त्याने ते नीट केलं."

आम्ही मशीनच्या मागे गेलो. तिथे अंधार असतो आणि कुणी जात नाही. दोन्ही बोल्टांवरचा हिरवा गंज ताजा उडालेला होता. वायरींची टोकं नव्याने पिळून, नटच्या दिशेने गोल वळवून बसवली होती. इतकी नीटनेटकी जोडणी या कारखान्यात मी कधी पाहिली नव्हती. आणि वायरीचं आवरण फाटलं होतं तिथे काळा टेप गुंडाळला होता. टेपचं शेवटचं टोक जरासं दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखाने उकरत बसायला लागू नये म्हणून.

ताईच्या घरात प्रत्येक टेपच्या रिळाचं टोक असं दुमडलेलं असतं. भाऊजींनी लग्नानंतर तिला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती मला म्हणाली होती, हा माणूस वाईट असूच शकत नाही.

ती त्या टेपकडे बघत राहिली. मग तिने दुमडलेलं टोक धरलं आणि टेप ओढून काढला. सहज निघाला. त्याचा बोळा करून तिने पर्समध्ये टाकला.

"पाना दे," ती म्हणाली.

"ताई, तू काय करतेस?"

"लाल मायनसला लावतेय. इथे असते तशी."

"पण हा पुरावा—"

"अण्णांना कामावरून काढू देणार नाही," ती म्हणाली, "आणि हे त्याला कधीच कळू देणार नाही. दोन्ही जमवायचंय. पाना दे."

मी दिला.

७

संध्याकाळी सगळे टाकीच्या खोलीत जमले. मालक, जावई, अण्णा. भाऊजी दाराशी, पिशवी अजून खांद्यालाच.

ताईने त्यांना निमुळती तार दाखवली, पांढरे झालेले पत्रे दाखवले. चोरी झाली नाही, हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की मालक दोनदा "वा" म्हणाले आणि मग कशाला म्हणालो म्हणून खाली बघायला लागले.

"म्हणजे ते..." भाऊजींनी विचारलं. "म्हणजे आता ते नाही?"

"नाही," ताई म्हणाली.

भाऊजींनी मान हलवली. बऱ्याच वेळा हलवली. अण्णा खाली बसले होते, ते तसेच रडायला लागले, तोंडावर हात न धरता.

"पण करंट उलटा झाला कसा?" मालकांनी विचारलं.

"काल मेन स्विच बंद केला होता ना, आगीसाठी? परत चालू केल्यावर झटका बसला. जुनी मशीन आहे. उलटी सुरू झाली."

मी फडक्याकडे बघत उभा होतो. आयुष्यात ताईला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ती त्यात वाईट होती.

"अहो मॅडम, असं होत नाही!" जावई पुढे आले. "मी सकाळीच सांगितलं तुम्हाला. शिवाय जोडणी मी स्वतः तपासलीय. लाल प्लसला होती, काळी मायनसला. एकदम करेक्ट."

"लाल प्लसला?" अण्णा डोळे पुसत म्हणाले. "साहेब, या खोलीत लाल कधीच प्लसला नव्हती. इथे लाल मायनसला. मी यायच्या आधीपासून. बघा ना जाऊन."

जावई मशीनच्या मागे गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या बाहीला हिरवा गंज लागला होता.

"मायनसला आहे," ते म्हणाले. त्यांनी कपाळ चोळलं. "मग मी... मला चुकून... रात्री झोप झाली नव्हती माझी."

"होतं असं," मालक म्हणाले आणि कुणीतरी हसलं.

मी भाऊजींकडे पाहिलं. पाहायला नको होतं. ते मशीनकडे बघत नव्हते. अण्णांकडे बघत होते, अण्णांच्या तोंडाकडे, जिथून ते वाक्य आलं होतं. मग त्यांनी भिंतीवरचं वाचलं. लाल तिथे माल. मग त्यांची नजर खाली आली, लाल वायरवरून घसरत मधल्या दांडीपर्यंत गेली, दांडीवर थांबली. वायरमन माणूस. सर्किट वाचायला त्याला कितीसा वेळ लागणार?

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई त्यांना सोडून बाकी सगळीकडे बघत होती.

"पण तरीही," जावई म्हणाले, "मशीन उलटी सुरू होते हे मी मान्य करणार नाही. कुठल्याही जाणकाराला विचारा—"

"होते," भाऊजी म्हणाले.

सगळे वळले.

"मी वायरमन आहे," भाऊजी म्हणाले. मीटरचं रीडिंग सांगावं तसा आवाज होता. "जुन्या मशीनला होतं. झटका बसला की. मी पाहिलंय."

मालकांनी अण्णांना उठवलं, उद्या वेळेवर या म्हणाले. मशीन भंगारात काढायचं ठरलं. वर्षानुवर्षं तिने इमानाने एकच काम केलं होतं, आणि दोषी ठरली ती एकटीच. मालक पत्रा खरवडून चांदी पुडीत बांधून देणार होते. ताई नको म्हणाली. एखादा चमचा, एखादी डबी, काही तरी करून देतो, ते म्हणाले. ती म्हणाली, काही नको.

८

आम्ही तिघे चालत निघालो. रस्त्याला वर्दळ होती. ताई एका बाजूला, भाऊजी दुसऱ्या, मी मधे. मला मागे राहायचं होतं, पण दोघांपैकी कुणीच मला मधून निघू देत नव्हतं.

सिग्नलला थांबलो. भाऊजी समोरच्या दिव्याकडे बघत म्हणाले, "मी बसलो होतो ना काल तिथे. एकटाच होतो. म्हणून जरा बोललो त्याच्याशी."

ताईने पर्सची चेन ओढून घट्ट बंद केली.

"त्याचं म्हणून मी कधी काही केलंच नव्हतं. ठसा नर्सने घेतला. पाऊल अण्णांनी केलं. सांभाळलंस तू. मी आपला नुसता... तर मशीनच्या मागे बघितलं आणि म्हटलं—"

"मशीनने केलं," ताई म्हणाली.

भाऊजी थांबले. दिवा बदलला. लोक आम्हाला वळसा घालून पुढे जायला लागले. एकाने मला ढकललं आणि वर मलाच म्हणाला, "रस्त्यात काय उभे राहता?"

"म्हटलं," भाऊजी म्हणाले, "थांब जरा, कुणीतरी चुकीचं जोडलंय, बाबा नीट करतो."

"मशीनने केलं," ताई म्हणाली.

ती त्यांच्या बाजूला गेली. माझ्या समोरून, मला बाजूला सारून. तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला घेतली. पिशवी जड होती, ती एका बाजूला झुकली, पण तिने ती दिली नाही.

"हो," भाऊजी म्हणाले.

घर लांब होतं. दर थोड्या अंतराने ती म्हणायची, मशीनने केलं. आणि ते दर वेळी म्हणायचे, हो.